गुडघ्याखालची गादी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या दसऱ्याच्या सुमारास इंग्लंडहून माझ्या पुतण्याचा फोन आला. नोकरीसाठी तो तिकडे गेला आणि तिथल्या लोकांबरोबर त्याला एक छंद लागला. सुट्टीच्या दिवशी शेतमालकाची परवानगी घ्यायची, पीक निघालेल्या शेतात धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, फिरवायचे आणि यंत्र वाजले की गुडघे टेकून माती उकरायची. कधी जुने नाणे सापडते, कधी बटण, बहुतेक वेळा खिळा.

ख्यालीखुशाली झाल्यावर तो म्हणाला, "चाचा, यंत्र चांगलं आहे हो, पण गुडघे गेले. गुडघ्याला बांधायच्या तीन गाद्या घेऊन झाल्या. पहिलीचा पट्टा मागची शीर आवळतो. दुसरी महिन्यात फाटली. तिसरी सगळ्यांत महाग, तर ती जवळ आली की यंत्रच ओरडायला लागतं. आपले परदादा प्रकाशाच्या खोदकामासाठी गाद्या शिवायचे ना? कशा असायच्या त्या?"

मी थोडा वेळ गप्पच राहिलो. आमच्या घराण्यात मालमत्ता म्हणावी असे काही नाही, आणि जे आहे त्याची चौकशी इतक्या लांबून कोणी करील असे वाटले नव्हते. त्याला फोनवर जे सांगितले, तेच आज जरा सविस्तर सांगतो.

आमचे दादा, म्हणजे माझे आजोबा, पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजायचा आणि पुन्हा भरून द्यायचा, हा धंदा. खानदेश कापसाचा मुलूख, त्यामुळे पिंजाऱ्याला काम भरपूर आणि पैसा बेताचा. नंदुरबारहून शहाद्याच्या वाटेवर तापी ओलांडली की प्रकाशे लागते. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे हे गाव. भाविक त्याला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराचे मंदिर आहे, घाट आहे, आणि गावाशेजारी मातीचे उंच टेकाड आहे. जुन्या लोकांच्या भाषेत ती 'पांढरी'.

हा शब्द आता मुलांना सांगावा लागतो. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. माणसे एका जागी शेकडो वर्षे राहिली की चुलीची राख, भिंतींची माती, शेण, हाडे, खापरे सगळे एकावर एक साचते आणि मातीचा रंग पांढुरका होतो. ही माती धाब्याच्या घरावर टाकायला चांगली आणि शेतात खत म्हणूनही चांगली. म्हणून आपल्याकडे किती गावांच्या पांढऱ्या बैलगाडीत भरून संपल्या त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ज्याने नेली त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याला छप्पर गळायचे थांबवायचे होते.

प्रकाशाच्या या पांढरीत १९५४-५५ च्या हंगामात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने उत्खनन केले. त्या वेळी नंदुरबार जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात, मुंबई राज्यात होता. कामाचे प्रमुख होते बी. के. थापर, जे पुढे या खात्याचे महासंचालक झाले. सर मॉर्टिमर व्हीलर यांनी चाळीसच्या दशकात तक्षशिलेला जी तरुण मंडळी तयार केली त्यांतले ते एक. व्हीलरांचा आग्रह एकच होता : माती थराथराने उतरवायची. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. प्रत्येक वस्तू कोणत्या थरात सापडली ते लिहायचे. न लिहिता उचललेली वस्तू म्हणजे पाकिटावरचा पत्ता फाडून टाकलेले पत्र.

तिथे चार कालखंडांचे थर निघाले. सगळ्यांत खालची वस्ती ताम्रपाषाण काळातली, इसवी सनापूर्वी दीड हजार वर्षांच्या मागची-पुढची. दगडाची बारीक पाती, थोडेसे तांबे, मणी आणि रंगवलेली भांडी. त्यांत जोर्वे पद्धतीची भांडीही होती. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून हे नाव पडले. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रेघा, आणि भाजणी अशी पक्की की खापराला टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. त्यानंतर मध्ये मोठा खंड. गाव ओस पडले होते. मग पुन्हा माणसे आली ती लोखंड घेऊन. हे सगळे त्या उभ्या कापलेल्या भिंतीत रेघांसारखे दिसत होते. दादा म्हणायचे, "एकावर एक गोधड्या रचून ठेवल्यासारखं." त्यांना दुसरी उपमा सुचणे शक्यच नव्हते.

दादा तिथे पोचले ते निव्वळ धंद्याच्या ओघात. गावात गाद्या पिंजायला गेलेले. घरी त्यांनी सांगितलेली हकिगत अशी. कुदळ-फावड्याचे काम उभ्याने होते, पाटी वाहणेही उभ्याने. पण एखाद्या थरात चूल किंवा फुटके रांजण दिसू लागले की कुदळ बाजूला ठेवावी लागते. मग छोटे हत्यार, थापी, सुरी, ब्रश, आणि माणूस गुडघ्यांवर. असा तो दोन-दोन, तीन-तीन तास. खाली खापरांच्या धारा, मुरूम आणि तापीकाठची बाभूळ. आपल्याकडच्या माणसाला उकिडवे बसायची सवय, तसा तो दिवसभर बसेल. पण उकिडवे बसून पुढे वाकले की तोल टाचेवर राहत नाही आणि हात हलतो. नाजूक कामाला गुडघा टेकावाच लागतो. कोणीतरी दादांना विचारले, गुडघ्याखाली घ्यायला काही शिवून देता का? दादांनी दिले.

पहिली खेप त्यांनी साध्या कापसाची केली. दोनच दिवसांत गादी चपटी झाली. कापसाचा स्वभाव असा की तो वजन पडले की बसतो, ओल लागली की त्याच्या गाठी होतात आणि गाठीवर गुडघा ठेवणे हे खड्यावर ठेवण्यासारखेच. मग त्यांनी सावरीचा कापूस भरून पाहिला. सातपुड्यात सावरीची झाडे भरपूर. तो कापूस रेशमासारखा मऊ, आणि ओल सहजी धरत नाही. पण त्याचे तंतू ठिसूळ. उशीला उत्तम, गुडघ्याला निरुपयोगी. तिसऱ्या खेपेला त्यांना युक्ती सापडली. खाली काथ्याचा घट्ट थर, वर पिंजलेल्या कापसाचा मऊ थर, आणि दाभणाने आरपार टाके घालून दोन्ही एकमेकांना बांधलेले, म्हणजे आतला माल सरकत नाही. मध्यभागी टाके जवळजवळ, तिथे खोलगट वाटी तयार होते आणि गुडघ्याची वाटी त्या वाटीत बसते. बाहेरून बारदान. तळाला सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा, ओल वर येऊ नये म्हणून. बांधायला सुती नाडे, तेही गुडघ्यामागच्या लवणीत नाही, त्याच्या खाली पोटरीवर एक आणि वर मांडीवर एक.

आणि एक गोष्ट ते नेहमी सांगत. माप घ्यायचे ते गुडघा वाकवून. उभ्या माणसाच्या गुडघ्याला बांधलेली गादी तो बसला की आवळते, कारण वाकलेला गुडघा रुंद होतो. पुतण्याची पहिली गादी या एका कारणाने फुकट गेली होती. त्याने दुकानात उभ्याने बांधून पाहिली होती.

गुडघ्याच्या वाटीवर, कातडीच्या लगेच खाली, एक पातळ पिशवी असते. तिच्यात थेंबभर द्रव असतो, तेल दिल्यासारखा. रोज कठीण जागेवर गुडघे टेकले की ती सुजते आणि लिंबाएवढा फुगा येतो. फरशी बसवणारे कारागीर, खाणीतले कामगार, जमीन पुसणाऱ्या बायका यांना हे दुखणे जुने आहे. इंग्रजीत त्याला मोलकरणींचेच नाव आहे. गादीचे काम मऊपणा देणे एवढेच नसते. वाटीवर एकवटलेले वजन तिने खाली नडगीच्या वरच्या भागावर आणि बाजूंना पसरवायचे असते. म्हणून नुसती जाड आणि लुसलुशीत गादी फसवी. अंगठ्याने जोरात दाबून पाहावी, खालची जमीन अंगठ्याला लागली तर ती गुडघ्यालाही लागणार. आजच्या चांगल्या गाद्यांत खाली दाट फोम आणि वर मऊ फोम असतो. हा फोम पाणी पीत नाही. दादांचा काथ्या आणि कापूस तो हाच, फक्त आता कारखान्यातून येतो. प्लॅस्टिकच्या कडक कवचाच्या गाद्याही मिळतात. त्या खडीवर आणि काट्यांत टिकतात, पण ओल्या उतारावर घसरतात आणि नुकत्याच साफ केलेल्या थरावर ओरखडे काढतात. शेतात चालतील, उत्खननाच्या खड्ड्यात नकोत.

पुतण्याचे यंत्र का ओरडत होते, हे मात्र दादांना सांगता आले नसते. यंत्राच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यातही वीज फिरू लागते आणि यंत्राला ते कळते. लहान नाणे साधारण वीतभर खोल असेल तर सापडते, फार खाली नाही. महाग गादीच्या पट्ट्यांना धातूच्या कड्या आणि रिबिटी होत्या. माणूस खाली बसून तबकडी जवळ फिरवू लागला की यंत्राला आधी त्याचाच गुडघा सापडायचा.

या घोटाळ्याचा इतिहास जुना आहे, आणि त्यातही एक गादी आहे. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात कुठे अडकली ते कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल विजेचे यंत्र घेऊन आले, धातूजवळ गेले की गुणगुणणारे. पण अध्यक्षांच्या अंगावर धरले तर ते भलतीकडेच गुणगुणू लागले. कारण अध्यक्ष ज्या बिछान्यावर होते त्यात पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजवीकडे आहे, त्यामुळे बेल यांना तीच बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे निघाली. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. आमच्या एखाद्या पिंजाऱ्याने भरलेल्या गादीवर ते असते तर निदान स्प्रिंगांचा गोंधळ झाला नसता. असो.

पुढे दुसऱ्या महायुद्धात यूझेफ कोसाट्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने जमिनीतले सुरुंग शोधणारे, हातात धरून चालता येईल असे यंत्र तयार केले. १९४२ साली अल अलामेनच्या वाळवंटात ते कामाला आले. लढाई संपल्यावर अशी यंत्रे हौशी लोकांच्या हाती गेली. जीव वाचवायला निघालेले यंत्र नाणी शोधू लागले.

आपल्या तापीवर हे काम पोरे यंत्राशिवाय करतात. भाविक नदीत पैसे टाकतात, आणि मुले दोरीला चुंबक बांधून ते काढतात. १९९२ पासून रुपयाचे नाणे चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचे झाले, त्याचा हा फायदा. त्याआधीचा तांबे-निकेलचा रुपया चुंबकाला दाद देत नाही. तो पाण्यातच राहिला. नंदुरबारच्या सराफ्यात झारेकरीही पाहिलेले आठवतात. दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ गोळा करून, धुऊन, त्यातला सोन्याचा कण काढणारी ही माणसे. सगळे काम वाकून आणि गुडघ्यांवर. त्यांच्या गुडघ्याखाली दुमडलेले पोते असायचे. मिरचीच्या पठाऱ्यांवर देठ खुडायला बसणाऱ्या बायांच्या बुडाखालीही तेच.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगताना अजून जड जाते.

मी बी. ए. ला होतो. पावसाळा नुकताच संपला होता, मित्रांबरोबर प्रकाशाला गेलो होतो. पावसाने टेकाडाची कड ढासळली की खाली खापरे पडतात, तशी पडली होती. त्यांत एक हिरवट चौकोनी तुकडा दिसला. मी गुडघे टेकून नखांनी माती काढली. तांब्याचे नाणे होते. एका बाजूला हत्तीसारखे काही होते, दुसरी बाजू झिजलेली. मी ते खिशात टाकले, दोन दिवस मिरवले आणि नंदुरबारला एका दुकानात दाखवले. दुकानदाराने तराजूत टाकले आणि तांब्याच्या भावाने पैसे दिले. त्या पैशांत मित्रांचा चहा झाला.

संध्याकाळी हे दादांना हसत सांगितले. दादा तेव्हा सत्तरीत होते, डोळे अधू झाले होते. आमच्या घरातली बोली निराळी आहे, पण मराठीत सांगायचे तर त्यांनी एवढेच विचारले, "कुठून उचललंस?" मी म्हटले, "प्रकाशाहून." ते म्हणाले, "प्रकाशा मला ठाऊक आहे. कुठून? वरून पडलेलं की कडेत रुतलेलं? राखेच्या पट्ट्याच्या वर की खाली?" मला सांगता येईना. ते चिडले नाहीत. मान वळवून तंबाखू मळत बसले. ज्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हते त्याला थर कळत होता. त्या खोदकामात एकदा एका मजुराने बांगडीचा तुकडा मातीतून उपटून बक्षिसाच्या आशेने पळत आणला, तेव्हा साहेब कसे हळहळले, ते दादांनी पाहिले होते. बी. ए. ला इतिहास विषय घेतलेल्या नातवाला मात्र ते कळले नव्हते.

खूप वर्षांनी एका संग्रहालयात तशाच हत्तीचे चौकोनी नाणे काचेआड पाहिले. माझे तेच होते असे म्हणायला आता काहीच आधार नाही.

कायदाही तेव्हा मला ठाऊक नव्हता. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचे. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळांवर परवानगीशिवाय खणता येत नाही. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार परवान्याखाली आला आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. माझ्या नाण्याचा गुन्हा यांतल्या कोणत्या कलमात बसतो ते वकील सांगतील. पण आपल्याकडे एखाद्या पांढरीवर यंत्र घेऊन रात्री फिरणे हा छंद म्हणून चालणारा नाही, हे पुतण्याला मी आधीच बजावले. तो म्हणाला, तिकडे १९९६ चा कायदा आहे, ठरावीक वस्तू सापडल्या तर कळवाव्याच लागतात. बाकीच्या वस्तूंची नोंदही आपखुशीने करता येते, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात माणूस नेमलेला असतो. २००९ साली स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात अशाच हौशी माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा मोठा साठा सापडला. त्याने तो कळवला. संग्रहालयांनी निधी उभारून तो घेतला, आणि पैसे शोधणारा व शेतमालक यांच्यात वाटले गेले.

आपल्याकडचे उदाहरण १९७४ चे. प्रवरेकाठच्या दायमाबादला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचे मूळ खणताना चार कांस्यशिल्पे सापडली. बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. ती सरकारजमा झाली. भारतीय कलेच्या इतिहासात त्यांना तोड नाही. पण ती थरातून निघाली नाहीत, झाडाच्या मुळातून निघाली. म्हणून त्यांच्या वयाचा वाद झाला. एस. आर. राव, एस. ए. साळी आदी मंडळींनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका काढली. एवढी मोठी शिल्पे, आणि मातीतली नेमकी खूण नाही म्हणून विद्वानांनी वर्षानुवर्षे भांडावे! छबू भिल्लांचा यात काय दोष? ते मूळ खणत होते, इतिहास नव्हे. आमच्या जिल्ह्यातही नांगराच्या फाळाला काय लागेल सांगता येत नाही, आणि तो नांगर बहुधा एखाद्या भिल्लाच्या किंवा पावऱ्याच्याच हातात असेल. त्याला हे सांगायला कोण जाते?

तर गादीचे. दादा १९९० च्या आत गेले. पिंजण माळ्यावर आहे, तात तुटलेली. दाभण मात्र सापडले. मीही आता पन्नाशी ओलांडली आहे. मशिदीत मागच्या ओळीत खुर्च्या वाढल्या आहेत आणि त्यांतली एक अधूनमधून माझी असते, त्यामुळे गुडघ्याविषयीचा माझा जिव्हाळा केवळ ऐतिहासिक नाही. काथ्या बाजारात मिळाला. कापूस मशीनवर पिंजून आणला. टाके घालायला चार दिवस लागले, कारण दाभण बोटात जाई. बारदानाऐवजी जाड कॅनव्हास घेतले, बारदान धुतले की आटते. नाडे सुतीच ठेवले. एक जोडी पाठवली आणि एक घरी ठेवली.

महिन्याभराने त्याचा फोन आला. उजव्या गादीचा एक टाका उसवला, म्हणाला, पण यंत्र गप्प असते. गेल्या रविवारी एका शेतात तीन तास गुडघ्यांवर होता. काय मिळाले विचारले तर एक शिशाचा गोळा आणि एक पितळी बटण. फुकट गेला म्हणायचा तुझा रविवार, मी म्हणालो. तो म्हणाला, "नाही चाचा. दोन्ही कुठे सापडले ते नकाशावरचे आकडे घेऊन लिहून ठेवलं आहे. किती खोल, तेही."